पोस्ट निघेपर्यंत

राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हायची होती. ती झाली २१ मार्च २०२१ रोजी. मधल्या काळात करोना होता, टाळेबंदी होती, मराठा आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता. दर वेळी तारीख पुढे जायला काही ना काही कारण होतं. पण नवी तारीख जाहीर झाली की मुलं पुन्हा जोर लावायची, आणि परीक्षा तोंडावर आली की ती पुन्हा पुढे जायची. ११ मार्च २०२१ रोजी, परीक्षेला तीन दिवस उरले असताना, ती आणखी एकदा पुढे ढकलली गेली. त्या दुपारी पुण्यात नवी पेठेत, लालबहादूर शास्त्री रस्त्यावर शेकडो मुलंमुली उतरली आणि हलायला तयार होईनात. दुसऱ्या दिवशी नवी तारीख जाहीर झाली.

वर्तमानपत्रांनी ही बातमी आंदोलनाची म्हणून छापली. मला ती मनाच्या आरोग्याची बातमी वाटते. त्या रस्त्यावरचा राग एका तारखेचा नव्हता. विशीतली आणि तिशीतली वर्षं नुसती वाट पाहण्यात चालली आहेत आणि त्याचा हिशोब मागायला जागा नाही, याचा तो राग होता.

स्पर्धा परीक्षांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती येतात, पुस्तकांच्या याद्या येतात, ‘दिवसाला किती तास’ याची चर्चा होते. ज्यांची निवड होत नाही त्यांच्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि संख्येने तेच अफाट जास्त आहेत. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले होते. या आकड्यांत प्रामाणिकपणे अभ्यास करूनही बहुतेकांची निवड होणार नाही, हे गणितच आहे. मग त्या बहुतेकांच्या मनाचं, सवयींचं, झोपेचं, नात्यांचं पुढे काय होतं?

पेठेतला दिवस

सदाशिव, नारायण आणि नवी पेठ, गांजवे चौक ते पेरूगेट आणि तिथून अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, एवढ्या टापूत महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यातली मुलं भेटतात. बीड, परभणी, हिंगोली, यवतमाळ, बुलढाणा, धाराशिव, सोलापूर, नंदुरबार. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत कॉट बेसिसवर राहायचं, दोन वेळा मेसला जेवायचं आणि उरलेला सगळा दिवस अभ्यासिकेत काढायचा.

अभ्यासिकेतली एक जागा नीट पाहावी. दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या फळ्या, मध्ये एका माणसाच्या कोपरांपुरतं टेबल. समोरच्या फळीवर महाराष्ट्राचा नकाशा, घटनेतल्या कलमांची यादी, दिवसांचं वेळापत्रक आणि बऱ्याचदा ज्या पदाचं स्वप्न आहे त्याचं नाव स्केचपेनने लिहिलेलं. उपजिल्हाधिकारी. पोलीस उपनिरीक्षक. खुर्चीवर घरून आणलेली उशी, कारण ही खुर्ची बारा-बारा तासांची असते. टेबलावर राज्य मंडळाची शालेय पुस्तकं, जाडजूड ठोकळे, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि पाण्याची बाटली. काही फळ्यांवर आधी बसून गेलेल्यांची वेळापत्रकंही दिसतात, अर्धवट फाडलेली.

इथल्या सवयी सावकाश बदलत जातात, म्हणून त्या लक्षात येत नाहीत. पहिल्या वर्षी मुलगा सकाळी सहाला जागेवर असतो. संध्याकाळी मित्रांबरोबर सारसबागेपर्यंत फेरी मारून येतो. दुसऱ्या वर्षी फेरी बंद होते, कारण तेवढ्या वेळात एक प्रकरण वाचून होतं. तिसऱ्या वर्षी रात्रीचा अभ्यास दोनपर्यंत जातो, सकाळ नऊला उजाडते, नाश्ता चहावर भागतो. गावाकडचं क्रिकेट, भजनी मंडळ, ढोल पथक, काही असेल ते मागे पडतं. खोलीवर आल्यावर झोप लागत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला जातो. त्यावरही टेलिग्रामचे अभ्यासाचे गट आणि ‘असा झालो मी अधिकारी’ छापाचे व्हिडिओ. विश्रांतीही परीक्षेचीच असते. फौजदारकीची तयारी करणाऱ्यांना शारीरिक चाचणीसाठी निदान मैदानावर तरी जावं लागतं. सकाळी धावून आलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरचा तजेला इतरांपेक्षा वेगळा दिसतो, आणि तो पाहिला की रोजची फेरी सोडून देण्यातला तोटा लगेच कळतो.

पगार सोडून सगळं देणारी जागा

‘एवढी वर्षं झाली, मग सोडून का देत नाही?’ हा प्रश्न बाहेरचा माणूस सहज विचारतो. त्याचं उत्तर शोधताना मला एका जुन्या, दूरच्या अभ्यासाची मदत होते.

व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव आहे. १९३० च्या सुमारास तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ हाताशी भरपूर आला म्हणून लोक जास्त वाचतील, जास्त एकत्र येतील, असं वाटलं होतं. घडलं उलटं. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुषांची रस्त्यावरून चालण्याची गतीसुद्धा मंदावली. पुढे याहोदांनी त्यातून एक मांडणी केली. नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते, असं त्या म्हणत. दिवसाला आखणी मिळते. घराबाहेरची माणसं भेटतात. अनेकांनी मिळून काही करत असल्याची जाणीव मिळते. समाजात एक स्थान मिळतं. आणि नियमित काहीतरी करत राहावं लागतं.

पेठेतली अभ्यासिका या पाचही गोष्टी देते. सकाळ-दुपार-रात्रीची आखणी देते. चहाच्या टपरीवरचे मित्र देते. सगळे एकाच मार्गावर आहोत ही भावना देते. रोज करत राहायला काम देते. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे ओळख देते. गावात राहिला असता तर तो पदवी घेऊन घरी बसलेला मुलगा ठरला असता. इथे तो ‘पुण्याला एमपीएससी करतो’. लग्नकार्यात, पारावर, नातेवाइकांत या एका वाक्याने आईवडिलांची मान ताठ राहते.

म्हणून सोडणं कठीण जातं. ज्या दिवशी तो अभ्यासिकेची जागा सोडतो, त्या दिवशी दिनक्रम, मित्र, उद्देश, ओळख आणि काम असं सगळं एकदम हातातून जातं. समोर त्याच्या बदल्यात काही उभं नसतं. एमआयडीसीतली कंत्राटी नोकरी असते, सोयाबीन-कापसाच्या भावावर हेलकावणारी शेती असते, नाहीतर विनाअनुदानित शाळेतली तुटपुंज्या मानधनाची शिक्षकी. अशा परिस्थितीत आणखी एक ‘अटेम्प्ट’ द्यायचं ठरवणारा मुलगा हट्टी नाही आणि स्वप्नाळूही नाही. त्याच्या जागी बसून पाहिलं तर तो शहाणपणाचाच निर्णय दिसतो. हा निर्णय दरवर्षी एकेकटा पाहिला तर बरोबर असतो. दहा वर्षांची बेरीज केल्यावर त्याची किंमत कळते.

दोन मार्क

त्यात आशा खोटीही नसते. राज्यसेवा २०२२ ची जाहिरात सुरुवातीला १६१ जागांची होती. पुढे वाढत वाढत ती ६२३ वर गेली. मे महिन्यात ज्याने ‘यंदा काही खरं नाही’ म्हणून मन आवरतं घेतलं होतं, त्याला काही महिन्यांनी वाटायला लागतं की आपण यादीत येऊ शकतो. २०१६ मध्ये खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गाची ४३ झाली. उशिरा शिकू लागलेल्या, घर सांभाळून पदवी घेतलेल्या मुलांसाठी हा निर्णय न्याय्यच आहे. पण त्यामुळे चाळिशीच्या आसपास येईपर्यंत दार कायद्याने उघडंच राहतं. आता पुरे, असं सांगणारं बाहेरचं काही उरत नाही. ते स्वतःलाच ठरवावं लागतं.

आणि निकाल तर कधी साफ नाही म्हणतच नाही. पेपर झाल्यावर पहिली उत्तरतालिका येते. त्या रात्री पेठांमध्ये कुणी वेळेवर झोपत नाही. एकेक प्रश्न जुळवून पाहिला जातो. चुकलेल्या उत्तराला पाव हिस्सा गुण कापून बेरीज केली जाते, मग तीच बेरीज पुन्हा. काही प्रश्नांवर हरकती घेतल्या जातात, पुस्तकांच्या पानांचे फोटो जोडले जातात. अंतिम उत्तरतालिकेत काही प्रश्न रद्द होतात, काहींची उत्तरं बदलतात. वर असलेला खाली येतो, खाली असलेला वर जातो. ‘कट ऑफ किती लागेल?’ हा प्रश्न आठवडेच्या आठवडे हवेत असतो. शेवटी यादी लागते आणि दोन मार्कांनी जातं.

तीस मार्कांनी गेलं तर माणूस दुसरी वाट शोधतो. दोन मार्कांनी गेलेला माणूस वाट शोधत नाही. तो त्या दोन मार्कांचे प्रश्न आठवत राहतो. त्या एका प्रश्नाचं उत्तर आपण आधी बरोबर केलं होतं आणि मग बदललं, ही आठवण वर्षभर त्याच्याबरोबर राहते.

घरचा फोन

रविवारी रात्री घरून फोन येतो. आई जेवणाचं विचारते. बाप फोन घेतो, पाऊसपाण्याचं बोलतो, आणि मग थांबून विचारतो, ‘मग, काय म्हणतंय तुझं?’ त्या चार शब्दांत निकाल, तारीख, पैसे, वय, लग्न असं सगळं असतं. मुलगा म्हणतो, ‘चाललंय चांगलं.’ दोघांनाही ठाऊक असतं की हे उत्तर नाही, पण त्यापलीकडे बोलायची दोघांची तयारी नसते. बापाने कुठून पैसे उभे केले आहेत हे मुलाला माहीत असतं: सोसायटीचं कर्ज, विकलेली म्हैस, धाकट्याचं थांबलेलं शिक्षण. बापाला वाटतं, विचारलं तर पोरावर ताण येईल. पोराला वाटतं, सांगितलं तर बाप खचेल. प्रेमापोटी दोघं गप्प राहतात आणि त्या गप्प राहण्यातच मुलगा एकटा पडतो.

मुलींचं घड्याळ याहून वेगाने चालतं. तिला घरून बहुतेकदा मुदत घालून पाठवलेलं असतं. दोन वर्षं बघ, नाहीतर स्थळं सुरू करू. परीक्षा सात-आठ महिने पुढे गेली की मुलाचं वर्ष जातं; मुलीची घरी मिळालेली अख्खी परवानगी जाते. २०२४ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा २८ एप्रिलला ठरली होती. ऑगस्टमध्ये पुण्यात पुन्हा मुलं रस्त्यावर बसली, आणि परीक्षा अखेर १ डिसेंबरला झाली. त्या सात महिन्यांत किती मुली सामान बांधून घरी परतल्या, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. ती असायला हवी, असं मला फार वाटतं.

निकालाच्या दिवशी गावात जे होतं, तेही या दडपणाचाच भाग आहे. पोस्ट निघालेल्या मुलाचे चौकात फ्लेक्स लागतात, गुलाल उधळला जातो, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, कालपर्यंत ‘ए बाळ्या’ म्हणणारी माणसं ‘साहेब’ म्हणू लागतात. त्या मुलाने कष्ट केलेले असतात, त्याचा आनंद साजरा व्हायलाच हवा. पण त्याच गल्लीत त्याच्याबरोबर अभ्यास केलेला दुसरा मुलगाही राहतो. गुलालाच्या त्या उंचीवरून त्याच्यापर्यंत काय पोचतं, हा विचार गावाने करायला हवा.

मन थकतं तेव्हा

२०२१ च्या जूनअखेरीस पुण्यातल्या एका तरुणाने आपलं आयुष्य संपवलं. पूर्व आणि मुख्य परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. मुलाखत लांबली होती. राज्य हळहळलं, विधिमंडळात चर्चा झाली. कुठलाही माणूस एकाच कारणाने जात नाही, हे मनाचे डॉक्टर सांगतात आणि ते खरं आहे. पण त्या वेळी पेठांतल्या अनेकांना ती बातमी आपली वाटली, हेही तितकंच खरं आहे.

निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहा प्रौढांमागे साधारण एकाला, म्हणजे १०.६ टक्के लोकांना, त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. पेठेत ही दरी आणखी रुंद होते. डॉक्टरकडे जायला पैसे नसतात, वेळ वाया जाईल असं वाटतं, आणि ‘उद्या अधिकारी झाल्यावर हे कुणाला कळलं तर?’ ही भीती असते. मग अपचन, डोकेदुखी, पाठदुखी यांवर गोळ्या घेतल्या जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. कि. मो. फडके यांनी ती भारतात आणली आणि मराठीत तिच्यावर विपुल लिहिलं. त्या विचारातली एक गोष्ट इथे थेट लागू पडते. ‘मला अधिकारी व्हायचं आहे’ ही इच्छा आहे आणि ती माणसाला चालवते. ‘मी अधिकारी झालोच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ ही अट आहे आणि ती माणसाला मोडते. अभ्यासाचे तास दोन्हींत तेवढेच असतात; निकालानंतर जगणं मात्र सारखं राहत नाही. अडचण अशी की ही अट मुलाने एकट्याने घातलेली नसते. घराने, गावाने, फ्लेक्सने आणि आपल्यासारख्या दुरून कौतुक करणाऱ्यांनी मिळून ती घातलेली असते. म्हणून ती सोडवण्याचं कामही त्याच्या एकट्याचं नाही.

कुणी काय करायचं

पहिली जबाबदारी व्यवस्थेची. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षाचं वेळापत्रक आधी जाहीर करतो आणि बहुतेकदा ते पाळतो. राज्यातही जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नियुक्ती यांना पाळली जाणारी मुदत हवी. अपयश पचवायला माणूस शिकतो. अनिश्चितता पचवायला शिकवणारी शाळा नाही. वेळेवर मिळालेला नकार हासुद्धा उमेदवाराचा हक्क मानला पाहिजे.

दुसरी गोष्ट, मधली दारं. मुलाखतीपर्यंत पोचून अंतिम यादीत न आलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांची संमती असेल तर, इतर नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याची योजना केंद्रीय आयोगाने २०१८ पासून सुरू केली. आता ती ‘प्रतिभा सेतू’ या नावाने चालते. मुख्य परीक्षेपर्यंत गेलेल्या मुलाला राज्यघटना, अर्थव्यवस्था, भूगोल, कायदा यांची जी जाण असते ती कितीतरी कामांना उपयोगी आहे. सहकारी बँका, साखर कारखाने, शिक्षणसंस्था, स्थानिक वर्तमानपत्रं, शेतकरी कंपन्या यांना अशी माणसं हवी असतात. त्या दोघांची गाठ घालून देणारी सोय प्रत्येक जिल्ह्यात उभी राहू शकते.

तिसरं काम अभ्यासिकांचं आणि मुलांचं स्वतःचं. झोप, चालणं आणि एक तरी परीक्षेबाहेरची गोष्ट, ही तीन कामं वेळापत्रकात लिहिली गेली पाहिजेत, कारण जे फळीवर लिहिलं जात नाही ते इथे होत नाही. सुरुवातीलाच, मन ताजं असताना, घरच्यांसमोर बसून ठरवावं की किती प्रयत्न द्यायचे आणि त्यानंतर काय करायचं. दुसऱ्या वाटेची तयारी करणं म्हणजे पहिलीवर अविश्वास दाखवणं नाही. आणि सलग दोन आठवडे झोप उडाली, भूक गेली, वाचलेलं डोक्यात शिरेना, कशातच गोडी वाटेना, किंवा जगावंसं वाटेना, तर तो अभ्यासातला आळस समजू नये. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला तसं सांगावं. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, रात्रंदिवस चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मित्र तसं काही बोलला, तर त्याला उपदेश करू नये, त्याच्यापाशी बसावं, एकटं सोडू नये आणि फोन लावून द्यावा.

उरलेलं काम आपलं, हा अंक वाचणाऱ्यांचं. दिवाळीत ही मुलं घरी येतात. काही येतच नाहीत, कारण फराळाच्या ताटाबरोबर ‘झालं का काही?’ हा प्रश्न येणार हे त्यांना माहीत असतं. या वर्षी तो प्रश्न विचारू नये. त्याऐवजी झोप लागते का, जेवण बरं मिळतं का, सध्या काय वाचायला आवडतंय, असं विचारावं. आणि ज्याने प्रयत्न थांबवून दुकान टाकलं, नोकरी धरली, शेतीत नवं काही सुरू केलं, त्याच्या दारात आधी जावं. त्याने हरून काही सोडलेलं नाही. स्वतःच्या आयुष्याचा सर्वांत अवघड निर्णय त्याने स्वतः, वेळेवर घेतला आहे, आणि हे मोठ्याने, चारचौघांत म्हटलं गेलं पाहिजे. थांबण्याला आपण मान दिला, तर प्रयत्न करणाऱ्यांनाही मोकळ्या मनाने प्रयत्न करता येतील.